बुधवारचा सूर्य

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण कागद पुढे घेतला की तुमचं लाल शाईचं पेन आठवायचं आणि हात आखडायचा. आज आईच्या पडवीत बसले आहे. सकाळचं ऊन पायरीपर्यंत आलं आहे आणि समोर तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही उघडी आहे. चार दिवसांची रजा काढून आले. आईला म्हटलं, सहज आले. ती म्हणाली, "सहज कोन येतं गो? मानूस आजारी असला नायतर मार खाऊन आला, तरच असा बसून ऱ्हातो." मी आजारी नाही.

तुम्ही होतात तेव्हा मी शहरातल्या प्रयोगशाळेत आरसे तपासायच्या कामावर लागले होते, तेवढं तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गेल्यानंतर आमच्या गटाला एक यंत्र बांधायला मिळालं. आईच्या लग्नातल्या ट्रंकेएवढं, दुसऱ्यांच्या उपग्रहावर कोपऱ्यात जागा मिळालेलं. सूर्याच्या पृष्ठभागावर जो विरळ वायूचा थर आहे, सूर्याचं वातावरणच म्हणा, त्याचे अतिनील प्रकाशात फोटो काढायचे एवढंच त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी ते वर गेलं आणि पहिल्या महिन्यात त्याने जे पाठवलं ते बघून मी खुर्चीतच रडले होते. ज्वाळांच्या कमानी, एका डागातून निघून दुसऱ्यात उतरलेल्या, इतक्या बारीक की मोजता याव्यात. आता त्याच यंत्राकडून येणारे फोटो राखाडी आहेत. सुरुवातीला जेवढा प्रकाश यायचा त्याचा चौथा हिस्साही येत नाही, आणि दर महिन्याला आणखी कमी होतो. यंत्र जिवंत आहे, सांगितलेलं ऐकतं, वळ म्हटलं की वळतं. पण त्याला दिसेनासं होत चाललं आहे, आणि ते का, हे फक्त मला माहीत आहे. सोमवारी त्यावर समिती बसणार आहे.

हे सगळं तुमच्या शहापूरच्या स्वयंपाकघरात सुरू झालं, म्हणून तुम्हालाच सांगते. नववीत असताना रविवारी मी किन्हवलीहून एसटीने तुमच्याकडे यायचे. तुम्ही नाचणीचं पीठ चाळत बसलेल्या असायच्या आणि मी ओट्याला टेकून प्रश्न विचारायचे. चुलीपासून लांब गेलं की चटका कमी होतो, मग सूर्यापासून वर गेलं की तिथला वायू लाखो अंशांनी जास्त तापलेला कसा, हे पुस्तकात वाचून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ते कुणालाच नीट माहीत नाही." शिक्षक असं म्हणू शकतात हे मला तेव्हा कळलं. मग तुम्ही चाळणी उचलून माझ्यासमोर धरली. "आपल्याला मिळतो तो चाळलेला सूर्य. हवेच्या वरच्या थरात सूर्याचा अतिनील प्रकाश बहुतेक अडकून राहतो, आणि त्या तापलेल्या वायूची सगळी हकिगत त्या प्रकाशातच आहे. न चाळलेला सूर्य बघायचा तर चाळणीच्या वर जायला हवं." बोलता बोलता तुम्ही चाळणीतला कोंडा माझ्या तळहातावर ओतलात. माझं सगळं शिक्षण, परदेशातली दोन वर्षं, भाषणं, त्या मूठभर कोंड्याच्या पुढे फारसं गेलंच नाही.

तुमचा ओरडाही आठवतो. शाळेची ती लहान पितळी दुर्बीण, तिला डोळा लावायचा नाही, तिच्यातून सूर्य मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि कागदावरचे डाग पेन्सिलीने वहीत उतरवायचे. मी पहिल्याच दिवशी एक टपोरा डाग काढला आणि वर्गात मिरवला. तुम्ही मला दुर्बिणीपाशी नेलंत. कागदावर सूर्य हळूहळू सरकत होता आणि माझा डाग जागचा हलत नव्हता. "सूर्य गेला, डाग राहिला," तुम्ही म्हणालात, "म्हणजे डाग कुणाचा?" मी म्हटलं, भिंगावरच्या धुळीचा. "मग आधी आपलं भिंग पूस आणि मग सूर्याला नावं ठेव." सगळा वर्ग हसला. मला इतकं लागलं की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि पुढे आयुष्यभर भिंगं पुसत बसले.

खरंच सांगते, तोच माझा धंदा झाला. अतिनील प्रकाशाच्या यंत्राला धुळीपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे तेल, गोंद, प्लास्टिक यांची न दिसणारी वाफ. ती आरशावर बसते. डोळ्याला आरसा लख्खच दिसतो, पण अतिनील प्रकाश त्या थरात जिरून जातो. वर गेल्यावर सूर्याचं ऊन लागलं की तो थर पिकून घट्ट होतो, डिंक वाळावा तसा. मग तो निघत नाही, आणि काढायला जाणार तरी कोण? म्हणून यंत्रातली प्रत्येक वस्तू आधी निर्वात भट्टीत भाजून तिची वाफ काढून टाकायची, यंत्राच्या खोलीत टोपी, झगा, हातमोजे घालूनच जायचं, आणि अंगाला तेल, पावडर, अत्तर काही लावायचं नाही. हे सगळं सांभाळायची जबाबदारी माझी होती. मी फार कडक होते बाई. गजरा घालून आलेल्या एका मुलीला मी दारातून परत पाठवलं होतं. तिचा त्या दिवशी साखरपुडा होता हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी म्हटलं, आरशाला ते कसं कळणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंत्र पूर्ण होत आलं त्या हिवाळ्यात माझे हात फुटले होते. दिवसभर हातमोजे आणि स्पिरिट, बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. दिवाळीला घरी आले तर आईने हात ओढून बघितले. "काय दशा केलीस गो हातांची. तुमच्या त्या मलमाने नाय व्हायचं, हे ने." आणि तिने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली दिली, घाण्यावरून आणलेली. तुम्हाला माहीत आहे ते थंडीत तुपासारखं थिजतं. आमच्याकडे पायाच्या भेगांना, बाळाच्या डोक्याला, दिव्याला, सगळ्याला तेच. मी ते रात्री लावायचे आणि सकाळी साबणाने दोनदा हात धुवायचे. मला वाटायचं, दोनदा धुतलं की झालं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. तेल भेगांच्या आत राहतं. हातमोजा चढवताना उघड्या बोटांनी तो बाहेरून धरावा लागतो, म्हणून आधी एक जोडी घालून तिच्यावर दुसरी चढवायची असा मीच लिहिलेला नियम आहे. यंत्र बंद करायच्या आठवड्यात भेगांवर दोन हातमोजे सोसवत नव्हते. मी एकच घालत होते. आणि आरशाच्या झाकणाची आतली कडा शेवटची बसवली ती माझ्याच हातांनी, कारण ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे.

यंत्र बंद करून निर्वात टाकीत तापवताना त्याच्याबरोबर रुपयाएवढा एक वेगळा आरसा ठेवतात. मोठ्या आरशावर जे बसतं ते त्याच्यावरही बसतं, म्हणून त्याला आम्ही साक्षी आरसा म्हणतो. टाकी उघडल्यावर मी तो मोजला. त्याच्यावरून येणारा अतिनील प्रकाश कमी भरला. मला वाटलं, मोजायचा दिवा म्हातारा झाला असेल. दिवा बदलला, तरी तेच. मग मी तो आरसा एका बाजूला द्रावकाने पुसून त्या थेंबाची तपासणी केली. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या येतात. या रेघा गोंदाच्या नव्हत्या. तेलाच्या होत्या, खायच्या तेलात असतात तशा. खोलीत मी एकटी होते. कागदावरच्या त्या रेघा बघताना मला आईच्या घरातला वास आला, खरोखर आला, इतका की मी हात हुंगले.

तेव्हा सांगितलं असतं तर यंत्र उघडून, आरसा काढून, सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. उपग्रह आमच्यासाठी थांबणार नव्हता, आमची जागा रिकामी ठेवून तो गेला असता. नऊ माणसांची सहा वर्षं. आणि कारण काय सांगणार, तर गजऱ्यावरून मुलीला परत पाठवणारी मॅडम हाताला मोहाचं तेल लावून आली. खरं तर नऊ माणसांचं नाव मी उगाच पुढे करते आहे, मला दुसऱ्या वाक्याची लाज होती. कपाटात दुसरा एक साक्षी आरसा होता, डबीतून कधी बाहेर न काढलेला. तो मोजला. उत्तम भरला. तो आकडा मी लिहिला आणि खाली सही केली. मनाशी म्हटलं, मोठ्या आरशावर कदाचित इतकं बसलंही नसेल. झाकली मूठ ठेवली, बाई.

आता समितीला कारण सापडलं आहे, सोमवारी त्यावर फक्त शिक्का बसायचा. ते म्हणतात, गोंद नीट भाजला नव्हता. गोंदाचं काम करणारे, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो ते, मुरबाडकडचे, साठीला आलेले, कंत्राटावर. सगळ्या प्रयोगशाळेत आपल्याकडची बोली बोलायला मला तेवढे एकच होते. त्यांचा हात इतका स्थिर की सुईच्या टोकाएवढा गोंद ठेवला तर बाजूला सांडायचा नाही. आता लोकांना आठवायला लागलं आहे की त्यांचा हात तेव्हाच थरथरायचा, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, भट्टीच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष नसायचं. यातलं काहीही खरं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, कागदावर होतं तितकं तास मी भाजला होता. मोजून भाजला होता. पन आता सगळी म्हनतात तर वाटतं, आसंल चुकलं माझंच. त्या दिवसांत बायको दवाखान्यात होती ना." तेच पुढे म्हणाले, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमची तर सगळी मेहनत गेली." बाई, मी हो म्हटलं. त्यांनी मला धीर दिला आणि मी तो घेतला.

काल आईने विचारलं, "बिघडलंय काय नेमकं?" तिला सांगितलं, आरशावर थर बसलाय. "मंग पुसून टाका ना." म्हटलं, तिथे जाता येत नाही. ती तांदूळ निवडत होती. "जिथं हात पोचत नाय तिथं ठेवताना दहा येळा बघावं मानसानं," ती म्हणाली. मग माझे हात बघितले आणि उठून बाटली भरून आणली. ती आता माझ्या पिशवीत आहे. तिला नको कसं म्हणणार, आणि का म्हणून सांगणार? तिच्या तेलाने काही बिघडलं हे तिला कळलं तर ती जेवायची नाही. तेलाचा यात काही दोष नाही. तेल भेगा भरायला दिलं होतं आणि त्याने भेगा भरल्या.

मला आशा नाही, हे तुम्हाला सरळ सांगते. सूर्याचा जोर अकरा-अकरा वर्षांनी येतो. या खेपेचा जोर आमच्या डोळ्यांदेखत आला आणि ओसरायला लागला, आणि तो आम्ही धुरकट काचेतून बघितला. पुढचा येईल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन. तुम्ही ज्या प्रश्नाला "कुणालाच नीट माहीत नाही" म्हणालात, त्याच्या उत्तराच्या अगदी जवळ आमचे ते पहिल्या महिन्याचे फोटो गेले होते. आणखी दोन वर्षं तसे मिळाले असते तर कदाचित तुमचं वाक्य बदलावं लागलं असतं. आता ते बदलणार नाही, निदान माझ्या हातून तरी नाही. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मला तेच आठवतं. अंगणात ऊन पडलेलं असतं आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

समितीला लिहायचं पत्र तीन ओळींचं आहे. साक्षी आरसा मी बदलला, तेल माझ्या हाताचं होतं, गोंदाच्या कामात चूक नव्हती. परवापासून तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. खोडताना दरवेळी वेगळी सबब मिळते. नोकरी जाईल, ही सबब आहेच. गटाचं नाव जाईल, पुढचं यंत्र कुणी देणार नाही. आणि सगळ्यांत लबाड सबब अशी की आता सांगून आरसा थोडाच स्वच्छ होणार आहे. काल संध्याकाळी मला कळलं की मी चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करते आहे, म्हणून तुमची वही काढली.

तुमच्या वह्या तुमच्या भाच्याने मला आणून दिल्या होत्या, एका वायरच्या पिशवीत. सव्वीस वर्षांचे सूर्य. रोजचा एक गोल, आत डाग, शेजारी वेळ आणि "आकाश निरभ्र" किंवा "ढग, पाहिलं नाही". पाहिलं नाही हे तुम्ही किती सहज लिहायच्या. मी तुमचं ते अक्षर कितीदा बघितलं आहे आणि एका पानावरून कितीदा घाईने पुढे गेले आहे.

ते पान मी दहावीत असतानाचं. चैत्रातला आठवडा, सोमवार ते शनिवार, मोठा डाग सूर्यावर एका बाजूने दुसरीकडे सरकत चाललेला. दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली तुम्ही माझ्याकडे दिली होती. गुरुवारी सकाळी तुम्ही आलात ते धापा टाकत. "काल गाडी बंद पडली वाटेत, मला येता नाही आलं. तू काढलास ना सूर्य?" मी म्हटलं, हो बाई. मग त्या दिवशी डाग एकाचे दोन झालेले दिसले, आणि माझ्या वहीत बुधवारी तो एकच होता. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही मुख्याध्यापकांना बोलावून आणलंत. एका दिवसात डाग फुटला आणि आपल्या शाळेने तो आधी आणि नंतर असा टिपला. शनिवारी तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर बक्षीस दिलंत, तुमच्या जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा, चारी बाजूंनी दुमडून शिवलेला, भिंग पुसायला. तो अजून माझ्याकडे आहे. पुढे प्रत्येक तुकडीला तुम्ही त्या बुधवारची गोष्ट सांगायच्या. माझ्या धाकट्या बहिणीलाही सांगितलीत. ती घरी येऊन मला म्हणाली, "बाई तुझं नाव काढतात." आणि तुमच्या वहीत बुधवारच्या गोलाखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे: विद्यार्थिनीच्या नोंदीवरून.

बाई, बुधवारी मी शाळेत आलेच नव्हते. आईबरोबर मोह वेचायला गेले होते. पहाटेपासून दुपारपर्यंत झाडाखाली वाकून फुलं गोळा केली, टोपली भरली, घरी येऊन झोपले. किल्ली माझ्या परकराच्या नाडीला बांधलेली होती. गुरुवारी सकाळी तुम्ही यायच्या आधी मंगळवारचा डाग बघितला आणि थोडा पुढे सरकवून बुधवारचा काढला. डाग फुटला तो कधी फुटला, बुधवारी की गुरुवारी, हे कुणालाच माहीत नाही. कारण त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही.

आता ऊन पडवीत आलं आहे. आई विचारते आहे, "सकाळधरनं काय लिवतेस?" मी म्हटलं, शाळेचं. हे पत्र मी तुमच्या वहीत घडी घालून ठेवणार आहे, दुसरीकडे ते कुठे जाणार. सोमवारचं मला अजून सांगता येत नाही. त्या तीन ओळी अजून लिहिलेल्या नाहीत. पण आत्ता पेन्सिल हातात होती, तर बुधवारच्या गोलावर रेघ मारली आणि शेजारी, तुम्ही लिहायच्या तसंच, लिहिलं: पाहिलं नाही.